सत्तर टक्के, पण कशाचे?

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती फळापानांची चौकट) बांधताना धाकट्या जावेने हळूच विचारलं, "वहिनी, आयव्हीएफमध्ये खरंच ७० टक्के यश मिळतं?" फोंड्याहून पणजीला जाताना तिने कुठल्यातरी टेस्ट ट्यूब बेबी क्लिनिकचा बोर्ड वाचला होता.

असल्याच एका बोर्डाच्या टक्क्यांत मीही आहे. ३६व्या वर्षी माझी बीटा एचसीजी, म्हणजे दिवस राहिल्याची रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आली. सातव्या आठवड्यात सोनोग्राफी केली, तर ठोके नाहीत. पुढे कधीतरी मी मुद्दाम विचारलं, तेव्हा कळलं की त्या क्लिनिकच्या हिशेबात माझी सायकल, म्हणजे उपचाराची ती फेरी, यशस्वी. मला मूल नाही.

म्हणून विचारायचं: टक्के कशाचे? टेस्टचे, ठोक्यांचे, की घरी आलेल्या बाळांचे? आणि कितीजणींपैकी? माझी ९ स्त्रीबीजं निघाली, ६ फलित झाली, पाचव्या दिवशी उरले २ एम्ब्रियो, म्हणजे भ्रूण. कित्येकींची गाडी ट्रान्सफरपर्यंत, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडण्यापर्यंत, पोचतच नाही. त्यांना हिशेबातून वगळलं की आकडा आपोआप फुगतो. दुसऱ्या तरुण बाईकडून घेतलेल्या बीजांच्या सायकली त्यात मिसळल्या तर विचारूच नका.

ब्रिटनमध्ये नियामक संस्था सगळ्या क्लिनिकांचे आकडे छापते. २०१९ मध्ये तिथे स्वतःच्या बीजांवर, गर्भाशयात सोडलेल्या दर एम्ब्रियोमागे बाळ जन्मण्याचं प्रमाण पस्तिशीच्या आत ३२ टक्के होतं, ४० ते ४२ वयात ११, आणि त्यापुढे ५ च्याही खाली. तेव्हा रक्ततपासणीत 'एएमएच छान आहे' म्हणून हुरळून जाऊ नका. त्यावरून बीजं किती याचा अंदाज येतो. कशी आहेत ते मुख्यतः वयावर.

आणि नवऱ्याची तपासणी आधी! मूल न होण्यात जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाचाही वाटा असतो. आमच्याकडे ती दीड वर्षाने झाली. तोवर मी कवळ्याच्या शांतादुर्गेची ओटी भरली, गावच्या देवळात प्रसाद लावला. उजवा पडला होता, म्हणजे देवाचा होकार. (देवावर राग नाही माझा, रिपोर्ट लपवणाऱ्यावर आहे. तो हे वाचेलच.)

पैशांचं म्हणाल तर दागिने मोडण्याआधी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात, जाऊन या. २०२३ पासून तिथे आयव्हीएफ मोफत आहे. आमच्या वेळी नव्हतं. खासगीत जाणार असाल तर २०२१ च्या एआरटी कायद्याखालची (असे उपचार करणाऱ्या क्लिनिकांसाठीचा कायदा) नोंदणी बघून घ्या.

जाऊ ३१ची आहे, माझा आकडा तिला लागू नाही. तिला म्हटलं, डॉक्टरांना एवढंच विचार: माझ्या वयाच्या, स्वतःच्या बीजांवर पहिली सायकल सुरू केलेल्या किती, आणि त्यांतल्या बाळ घेऊन घरी गेलेल्या किती. ती मोबाईलमध्ये लिहून घेत होती, तेवढ्यात सासूबाईंनी आंबाड्यांचा घोस मागितला.