फेडरल रजिस्टरमध्ये छापून आलं म्हणजे नियम लागू झाला, असं नसतं

ऑगस्ट 2025 च्या अखेरीस मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागला. मजकूर साधारण असा: ‘अमेरिकेने विद्यार्थ्यांचा एफ-1 व्हिसा चार वर्षांचा केला. 28 ऑगस्टला सरकारी गॅझेटमध्ये छापून आलंय, म्हणजे लागू झालंय. पीएचडी करणाऱ्यांना अर्धवट सोडून परतावं लागणार. शिक्षण संपल्यावर 60 नाही, 30 दिवसांत देश सोडायचा. आता कुणाच्याच हातात काही उरलं नाही. सगळ्या ग्रुपांवर पाठवा.’

मुलीच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवून कर्ज काढलेल्या बापाला हे रात्री अकरा वाजता वाचायला मिळतं. तिकडे ती प्रयोगशाळेत असते, फोन उचलत नाही. त्या रात्रीचा विचार करून मी हे लिहितो आहे. मेसेजमधली तारीख खरी आहे आणि 30 दिवसांचा उल्लेखही खरा आहे, म्हणून तो पटकन पटतो. पण एक गोष्ट त्यातून गळली आहे आणि तिच्यावरच सगळं अवलंबून आहे: छापून आलेला कागद कोणत्या प्रकारचा होता?

‘गॅझेटमध्ये छापलं म्हणजे लागू झालं’

अमेरिकेच्या केंद्र सरकारचं राजपत्र म्हणजे फेडरल रजिस्टर. 14 मार्च 1936 पासून ते निघतं, आणि सुट्ट्या सोडून आठवड्याच्या कामाच्या प्रत्येक दिवशी निघतं. त्यात चार तऱ्हेचे कागद असतात: राष्ट्राध्यक्षांचे आदेश आणि घोषणा, अंतिम नियम, प्रस्तावित नियम आणि साध्या सूचना. चारही एकाच राजपत्रात, एकाच टायपात येतात. त्यांचं वजन मात्र सारखं नसतं.

28 ऑगस्टचा कागद उघडला की सगळ्यात वर खात्याचं नाव दिसतं: डिपार्टमेंट ऑफ होमलँड सिक्युरिटी. त्याखाली ‘ॲक्शन’ अशी ओळ असते आणि तिच्यासमोर तीन-चार शब्द असतात. हा कागद नियम करायचा प्रस्ताव आहे, एवढंच ते शब्द सांगतात. मग ‘समरी’ हा थोडक्यात गोषवारा आणि त्याखाली ‘डेट्स’. अंतिम नियम असेल तर ‘डेट्स’मध्ये तो कोणत्या दिवसापासून लागू होणार ते लिहिलेलं असतं. इथे होती ती सूचना पाठवायची शेवटची तारीख, 29 सप्टेंबर 2025. लागू होण्याची तारीख नव्हतीच, कारण लागू व्हायला नियमच झालेला नव्हता.

आपल्याकडे विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि हरकती व सूचना मागवतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी कुणी घर रिकामं करत नाही. हाही तसाच मसुदा होता. अमेरिकेत 1946 च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याने ही वाट आखून दिली आहे. आधी प्रस्ताव छापायचा, लोकांचं म्हणणं घ्यायचं, त्यातल्या महत्त्वाच्या आक्षेपांना उत्तर द्यायचं, मग अंतिम नियम वेगळा छापायचा, आणि सर्वसाधारणपणे त्यानंतर किमान 30 दिवसांनी तो लागू करायचा.

मसुदा हा मसुदाच राहू शकतो, याचा दाखला याच विषयात आहे. 25 सप्टेंबर 2020 ला याच खात्याने जवळपास असाच प्रस्ताव छापला होता. त्यावर 32,000 हून अधिक सूचना-हरकती आल्या आणि जुलै 2021 मध्ये तो मागे घेतला गेला. त्या प्रस्तावामुळे एकाही विद्यार्थ्याच्या मुक्कामाचा एक दिवससुद्धा कमी झाला नाही. तेव्हाही मेसेज फिरले होतेच.

‘व्हिसा चार वर्षांचा केला’

हा गोंधळ सगळ्यात जास्त दिसतो, आणि तो केवळ पालकांचा नाही, मुलांचाही असतो. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा हा विमानतळाच्या दारापर्यंत पोचायचा परवाना आहे. आत किती दिवस राहायचं हे आय-94 नावाच्या नोंदीवरून ठरतं. ही नोंद प्रवेशाच्या वेळी होते आणि नंतर ऑनलाइन बघता येते. पर्यटकाच्या आय-94 वर ठरावीक तारीख असते. विद्यार्थ्याच्या आय-94 वर तारखेऐवजी ‘डी/एस’ लिहिण्याची पद्धत 1978 पासूनची. म्हणजे शिक्षण नियमानुसार चालू आहे तोवर मुक्काम वैध.

ऑगस्टचा प्रस्ताव होता तो ही ‘डी/एस’ची पद्धत काढण्याचा. तिच्या जागी अभ्यासक्रम संपण्याची तारीख घालायची, आणि ती चार वर्षांपलीकडे जाऊ द्यायची नाही. व्हिसा किती वर्षांचा द्यायचा हा त्याचा विषयच नव्हता. पासपोर्टवरचा पाच वर्षांचा व्हिसा चार वर्षांचा झाला समजून काही घरांत रडारड झाली. ती तर पूर्णपणे निष्कारण होती.

‘पीएचडी अर्धवट सोडावी लागणार’

प्रस्तावात असं नव्हतं. चार वर्षांनंतर राहायचं असेल तर मुदतवाढ मागायची सोय त्यात होती. पण इथे मी ‘काळजी करू नका’ म्हणणार नाही, कारण बदल खरोखर मोठा होता.

चालत आलेली पद्धत अशी: संशोधन लांबलं तर विद्यार्थी आपल्या विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जातो. तिथला अधिकारी कारण पटलं तर आय-20 वरची, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशपत्रावरची, तारीख वाढवून देतो. तो अधिकारी विद्यार्थ्याला ओळखतो, त्याच्या मार्गदर्शकाला फोन करू शकतो. प्रस्तावाप्रमाणे विद्यार्थ्याला आय-539 हा फॉर्म भरून, शुल्क आणि बोटांचे ठसे देऊन थेट इमिग्रेशन खात्याकडे अर्ज करावा लागला असता. प्रयोग का फसला आणि सहावं वर्ष का लागतंय, हे अशा अधिकाऱ्याला पटवायचं, ज्याने त्या विषयाचं तोंडही पाहिलेलं नसेल. शिवाय पदव्युत्तर विद्यार्थ्याला मध्येच अभ्यासक्रम बदलायला मनाई आणि त्याच पातळीची दुसरी पदवी घेण्यावर बंधन, हेही त्यात होतं. एक एमएस झाल्यावर दुसरं एमएस करणाऱ्या आपल्या मुलांना हे सरळ लागलं असतं. मेसेजने भलत्याच गोष्टीची भीती घातली आणि बोलायला हवं होतं ते बाजूला राहिलं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

‘60 नाही, 30 दिवस’

शिक्षण संपल्यानंतरची मुभा 60 वरून 30 दिवसांवर आणायचं प्रस्तावात होतं. मेसेजचं हे वाक्य बरोबर, फक्त ‘सोडायचा’च्या जागी ‘असं सुचवलंय’ हवं होतं.

‘आता कुणाच्या हातात काही उरलं नाही’

हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. मेसेज पहिल्यांदा फिरला तेव्हा सूचनांची मुदत उघडी होती. ऐन बोलायच्या दिवसांत लोकांना सांगितलं गेलं की बोलण्याची वेळ गेली.

प्रस्तावित नियमावर म्हणणं मांडायला अमेरिकन नागरिक असावं लागत नाही. मतदार असावं लागत नाही, वकील तर मुळीच लागत नाही. रेग्युलेशन्स डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर जाऊन कुणीही लिहू शकतं, निनावीसुद्धा. नाशिकमधल्या आईनेही लिहिलं असतं तर ते नोंदलं गेलं असतं. मात्र ही मतमोजणी नव्हे. एकाच मसुद्याच्या हजार प्रती चिकटवल्याने पारडं झुकत नाही. ‘माझ्या प्रयोगाला लागणारं उपकरण आठ महिने बंद होतं, मुदतवाढीचा निर्णय लांबला तर माझी असिस्टंटशिप जाईल’ असं एखाद्या विद्यार्थिनीने स्वतःच्या शब्दांत लिहिलं, तर खात्याला ते असंच उडवून लावता येत नाही. महत्त्वाच्या आक्षेपाला उत्तर न देता केलेला नियम कोर्टात अडकतो. एक सावधगिरी: लिहिलेलं सगळं जगाला दिसतं, तेव्हा पासपोर्ट क्रमांक, आय-94 क्रमांक, पत्ता त्यात घालू नका.

आणि ‘इतकं क्लिष्ट इंग्रजी कोण वाचणार’ हा आक्षेप अगदी रास्त आहे. सरकारी कागद सोप्या भाषेत असावेत असा कायदा अमेरिकेने 2010 मध्ये केला, पण नियमांचा मजकूर त्यातून वगळला. ती उणीव थोडी भरून काढणारा कायदा 2023 मध्ये झाला. त्यानुसार प्रत्येक प्रस्तावित नियमाचा सोप्या भाषेतला, 100 शब्दांच्या आतला सारांश याच संकेतस्थळावर द्यावा लागतो. बारावी झालेल्या कुणालाही तो कळेल. फॉरवर्ड करण्याआधी तेवढं तरी वाचा.

‘प्रस्तावच आहे, सोडून द्या’

मूळ मेसेजला उत्तर म्हणून हाही मेसेज काही ग्रुपांवर आला. त्या एका कागदाबद्दल तो बरोबर होता, पण त्यावरून ‘अमेरिकेत नियम व्हायला वर्षं लागतात, घाबरायचं कारण नाही’ असा समज पसरला. हा समज मूळ मेसेजइतकाच घातक आहे.

राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेला मसुद्याच्या वाटेने जावं लागत नाही. एच-1बी या नोकरीच्या व्हिसासाठी एक लाख डॉलर शुल्क लावणाऱ्या घोषणेवर 19 सप्टेंबर 2025 ला, शुक्रवारी सही झाली आणि 21 तारखेला मध्यरात्रीनंतर ती लागू झाली. सुट्टीला भारतात आलेल्या लोकांनी त्या दोन दिवसांत मिळेल त्या भावात तिकिटं काढली. ती घोषणा नव्या अर्जांपुरती आहे, हा खुलासा नंतर आला.

अंतिम नियमांतच मोडणारा आणखी एक प्रकार म्हणजे ‘इंटरिम फायनल रूल’. त्यात नियम आधी लागू होतो आणि सूचना नंतर मागवतात. 30 ऑक्टोबर 2025 ला असाच एक नियम छापला गेला आणि त्याच दिवशी लागू झाला. वर्क परमिटच्या नूतनीकरणाचा अर्ज वेळेत भरला की निर्णय येईपर्यंत 540 दिवसांपर्यंत आपोआप मुदत मिळत असे. एच-4 वर, म्हणजे एच-1बी धारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असलेल्या आणि नोकरी करणाऱ्या कितीतरी मराठी मुलींची नोकरी याच सोयीवर उभी होती. त्या दिवशी किंवा नंतर अर्ज केलेल्या बहुतेकांसाठी ती सोय गेली. त्या कागदाच्या ‘डेट्स’ ओळीतच लागू होण्याची तारीख होती, 30 ऑक्टोबर.

तुमच्या घरात कुणी एच-4 वर्क परमिटवर काम करत असेल, तर आज एक काम करा. कार्डावरची शेवटची तारीख बघा आणि तिथून 180 दिवस मागे मोजा. नूतनीकरणाचा अर्ज त्या दिवसापासून भरता येतो. नवं कार्ड हातात येण्याआधी जुनं संपलं तर काम थांबवावं लागतं, त्यामुळे अर्ज त्याच आठवड्यात जाऊ द्या.