'ययाति' आणि शंभर रुपये

वि. स. खांडेकरांची 'ययाति' ही कादंबरी मला आवडली नाही. काल हे वाचनालयाच्या काउंटरवर जरा मोठ्यानं बोललो आणि शंभर रुपयांना बुडालो.

पुस्तक परत करताना मॅडमनी पानं चाळली. आत निळ्या बॉलपेनच्या रेघाच रेघा. 'वासना', 'तारुण्य' असलं काही दिसलं की पट्टी लावून रेघ. समासात 'वा!', एके ठिकाणी तर चक्क बदाम.

"पुस्तक खराब केलंत. दंड भरा."

"अहो मॅडम, मी कशाला रेघा मारू? मला पुस्तक आवडलंच नाही!"

इतका बिनतोड पुरावा कोर्टानंही मानला असता. पण पेपरच्या टेबलावरचे एक आजोबा चष्मा कपाळावर सारून उठले.

"काय आवडलं नाही म्हणालात?"

"ययाति."

"ओ साहेब, ज्ञानपीठ हाय त्यांना! 1974 चं! मराठीतलं पहिलं!"

"माहीत आहे."

"मग?"

या 'मग'पुढं भलेभले गप्प होतात.

"वय काय तुमचं?"

"बेचाळीस."

"तिथंच घोळ झाला की! अठराव्या वर्षी वाचायला पायजे होतं. आता संसारात काय डोंबल कळणार? आता थेट साठीनंतर घ्या हातात."

"आणि मधल्यांनी?"

"मधल्यांनी वाचूच नये."

"मग ययातीनं पोराकडून घेतलं तसं मीही एखाद्या पूरूकडून तारुण्य उसनं आणतो, आजोबा."

आजोबा हसले नाहीत. मॅडमनी पावतीपुस्तक उघडलं.

आता सांगतोच. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, आणि येतं ते भलत्या वेळी. त्या जागरणांत ही कादंबरी वाचली. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आळीपाळीनं आपापली कहाणी सांगतात. पण तिघांची जीभ एकच. दुःख झालं की उपमा, आनंद झाला की उपमा. कच बोलू लागला की मी उठून नळ बघून यायचो. देवयानीचे वडील शुक्राचार्य ययातीला शाप देणार तेवढ्यात पाणी आलं, तर मोटर लावायला धावलो आणि राजाचं काय झालं याची टाकी भरेपर्यंत आठवणही झाली नाही. शर्मिष्ठा तेवढी मनाला लागली, खोटं कशाला बोलू?

यात खांडेकरांचा तरी काय दोष? पुस्तक 1959 चं. त्यातली वाक्यं शाळेच्या फळ्यावर, वक्तृत्व स्पर्धेत, निरोपसमारंभात इतकी घासली गेली, की मूळ पानावर भेटली तेव्हा वाटलं, हेच चोरलंय कुठून तरी. पण कंटाळा आला म्हणायची सोय नाही. लगेच आपली लायकी निघते, आता वयही निघतं.

पावतीवर 'पुस्तक खराब केल्याबद्दल' असं ठसठशीत अक्षरात लिहिलंय, खाली माझं नाव. मॅडमनी ते पुस्तक रेघा-बदामासकट तसंच कपाटात ठेवलं. म्हणजे पुढच्याकडूनही शंभर घेणार! बरं, त्या पैशांतून वाचनकक्षातला बंद पंखा दुरुस्त करतील म्हणावं, तर मेच्या उन्हातही तो तसाच लटकतोय.