लॉडविक १८२४ साली ‘जनरल’ नव्हता

महाबळेश्वरच्या लॉडविक पॉइंटवरील स्तंभावर ‘जनरल पीटर लॉडविक’ हे नाव लहानपणापासून वाचत आल्यामुळे, १८२४ साली साताऱ्याहून हे डोंगर चढून आलेला पहिला युरोपीय अधिकारी जनरलच होता, असे मीही अनेक वर्षे गृहीत धरले होते. पुढे कुठे कर्नल, कुठे जनरल असे लिहिलेले दिसू लागले, तेव्हा हा हुद्दा नीट तपासावा असे वाटले.

त्याचा उलगडा साताऱ्याच्याच इतिहासात होतो. हाच लॉडविक पुढे साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे महाराजांच्या दरबारातील ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी झाला, आणि छत्रपती प्रतापसिंह महाराजांवर कटाचा आरोप आला त्या १८३६ सालच्या प्रकरणात त्याचा उल्लेख ‘कर्नल लॉडविक’ असा येतो. बारा वर्षांनंतर जो कर्नल आहे, तो १८२४ साली जनरल असणे शक्यच नाही. स्तंभ उभारला तो त्याच्या मुलाने, १८७३ साली वडील वारल्यानंतर. त्यावर अखेरचा, सर्वांत मोठा हुद्दा कोरला जाणे स्वाभाविक होते. तो हुद्दा मागे नेऊन १८२४ ला चिकटवला, ही चूक नंतरच्या लिहिणाऱ्यांची आहे.

कंपनीच्या फौजेत बढती मुख्यतः ज्येष्ठतेने मिळे, आणि मायदेशी परतलेल्या अधिकाऱ्याचे नाव यादीत राहिले तर तो केवळ दीर्घायुष्याच्या बळावरही वर चढत जाई. लॉडविक तर नव्वदीपर्यंत जगला. शिवाय पलटणीतला हुद्दा वेगळा आणि ‘ब्रेव्हेट’ म्हणून मिळालेला मानाचा हुद्दा वेगळा असल्याने, एकाच वर्षी एकाच माणसाचे दोन हुद्दे सापडले तरी दोन्ही खरे असू शकतात. सर्वांत फसवे आहे ते ‘टाऊन मेजर’. लॉडविकने मुंबईत हे काम पाहिले होते, पण ते पदाचे नाव आहे, लष्करी श्रेणीचे नव्हे, आणि त्यावरून त्याला मेजर ठरवणे चुकीचे होईल.

कोणी म्हणेल, महाबळेश्वरची पेठ तर १८२९ च्या करारानंतर मुंबईचा गव्हर्नर माल्कम याच्या नावाने वसली, मग लॉडविकच्या हुद्द्याचा एवढा खल कशासाठी? माझे म्हणणे असे की जनरल म्हटले की मोठ्या मोहिमेचे चित्र उभे राहते; प्रत्यक्षात साताऱ्याच्या छावणीतला एक अधिकारी डोंगर पाहायला आला होता, आणि क्षेत्र महाबळेश्वर तर त्याच्या कितीतरी आधीपासून नांदते होते.

सातारा, वाई किंवा मेढा भागात कोणाच्या घरी प्रतापसिंह महाराजांच्या काळातील मोडी कागद असतील आणि त्यांत लॉडविकचे नाव आले असेल, तर त्याच्या नावाआधी काय लिहिले आहे ते कागदावरील तारखेसह मला अवश्य कळवावे.