सफरचंदातल्या 'जनुकीय वासा'चा तो फॉरवर्ड खोटा आहे, सापळे काढू नका

आमच्या फॅमिली ग्रुपवर आलेला मेसेज तुमच्याकडेही आला असेलच. त्यात म्हटलंय की वॉशिंग्टनच्या सफरचंदाच्या बागांत पतंगांना फसवायला "जनुकीय वास" सोडतात, तो फळात मुरतो, त्याने मुलींचे हार्मोन बिघडतात, पतंगांचेही जीन बदलून "सुपरपतंग" झालेत, आणि आपल्याकडचे कामगंध सापळेही (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) तसलेच, बाहेरचे पतंग ओढून आणतात, म्हणून काढून टाका आणि सरळ फवारा. आईने सफरचंद आणणं बंद केलं ते एकवेळ चालेल, पण मामाने वांग्यातले सगळे सापळे उतरवून ठेवले. म्हणून लिहितेय.

आधी हार्मोनचं, कारण लोक त्यालाच घाबरलेत. सफरचंदातली ती कीड म्हणजे कॉडलिंग मॉथ. तिची अळी फळात शिरते आणि बियांपर्यंत पोखरत जाते. संध्याकाळी मादी एक वास सोडते आणि नर त्या मागावर येतो. तो वास म्हणजे कॉडलेमोन, बारा कार्बनचं एक साधं अल्कोहोल, अमेरिकेत रोएलॉफ्स आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ओळखलेलं. त्यात जनुक नाही, डीएनए नाही, काहीच नाही! जनुक आहे ते पतंगाच्या पेशीत, त्याच्यावरून मिशीत वास पकडणारं प्रोटीन बनतं, म्हणजे रिसेप्टर. आणि किड्यांचे हे रिसेप्टर आपल्या नाकातल्यांपेक्षा वेगळ्याच घराण्यातले, ते ऑर्को नावाच्या जोडीदार प्रोटीनबरोबर मिळून पेशीच्या आवरणात एक दार तयार करतात आणि वास लागला की ते दार उघडतं, आपल्या नाकात ही पद्धतच नाही. बागेत हा वास बहुतेक वेळा फांदीला बांधलेल्या डिस्पेन्सरमधून, म्हणजे वास हळूहळू सोडणाऱ्या नळीसारख्या वस्तूतून, हवेत सुटतो, म्हणजे नराला मादी सापडत नाही आणि अंडी घटतात. फवारायचे प्रकारही आहेत, ते मान्य. पण पतंगांच्या असल्या फेरोमोनना (जोडीदाराला बोलावणाऱ्या वासांना) अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेने ठरावीक प्रमाणापर्यंत फळावरच्या अवशेषांच्या मर्यादेतून सूट दिलीय. मुलींच्या पाळीचं नाव घेऊन आयांना घाबरवायचं आणि पुरावा एक ओळीचाही द्यायचा नाही, याचा मला खरंच संताप येतो.

आता सुपरपतंग. २०१९ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये कॉडलिंग मॉथचा अख्खा जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा नकाशा, छापून आला, ज्याला शंका आहे त्याने तो वाचावा. त्यात वासाच्या रिसेप्टरची ८५ जनुकं सापडली आणि ओआर३ नावाच्या जनुकाच्या दोन प्रती निघाल्या. दोन्ही प्रती कॉडलेमोनही ओळखतात आणि पिकलेल्या नाशपातीचा पेअर एस्टर नावाचा वासही, म्हणजे जोडीदार आणि फळ दोन्ही शोधायला उपयोगी. ही प्रत कुणी लॅबमध्ये घातलेली नाही, जनुकांच्या अशा प्रती उत्क्रांतीत आपोआप होत असतात. आणि त्याच पेपरात पुढे काय आहे? सीवायपी६बी२ या जनुकाच्या नियंत्रक भागातले बदल, जे अझिनफॉस मिथाइल आणि डेल्टामेथ्रिनला दाद न देण्याशी जोडलेले आहेत. म्हणजे कीटकनाशकांना! मेसेज ज्याला उपाय म्हणतोय, त्याच फवारणीने पतंग चिवट होतात.

एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती लपवणार नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी क्रिस्पर या जनुक बदलायच्या तंत्राने या पतंगाचं ओआर१ हे वासाच्या रिसेप्टरचं जनुक खरंच बदललं होतं. पण प्रयोगशाळेत, आणि तशा माद्यांच्या अंड्यांतून अळ्याच निघाल्या नाहीत. ज्याची पुढची पिढीच निघत नाही तो सुपरपतंग कसला? शिवाय अमेरिकेतून यायची गरजही नाही, ही कीड भारतात लडाखमध्ये आधीपासून आहे.

पतंग फेरोमोनला सरावतात हेही अर्धं खरं. जपानमध्ये शिझुओकाच्या चहामळ्यांत चहाच्या एका पतंगाबाबत हे झालंय, एकाच घटकाचं फेरोमोन दहाएक वर्षं वापरल्यावर ते नीट चालेना. मग जास्त घटकांचं मिश्रण आणलं आणि परत चाललं. जनुकं बदलतात, ते नाकारत नाही, पण त्यावर उतारा वासाचं मिश्रण सुधारणं हा होता.

राहिला बाहेरचे पतंग ओढण्याचा मुद्दा. साध्या लूरला, म्हणजे सापळ्यातल्या वासाच्या गोळीला, नर येतात, नर अंडी घालत नाहीत. पेअर एस्टरवाल्या लूरला माद्याही येतात, पण ती कॉडलिंग मॉथची गोष्ट, मामाच्या वांग्याचा तिच्याशी संबंध नाही. वांग्यातली शेंडा आणि फळ पोखरणारी अळी ज्या पतंगाची, त्याचा वास वेगळा, लूर वेगळी. सफरचंदाची लूर लावून तो येणार नाही आणि टोमॅटोवरच्या हेलिकोव्हर्पा या फळ पोखरणाऱ्या किडीची लावूनही नाही, त्यामुळे दुकानातून घेताना पाकिटावरचं किडीचं नाव बघून घ्या. मामाला फोनवर एवढंच सांगितलंय की सापळे आज परत लाव, लूर जुनी असेल तर बदल, आणि आठवड्याला किती नर सापडले ते वहीत लिहून मगच फवारायचं की नाही ते ठरव.