‘एक एसएमपीएस बदलायला दोन दिवस?’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर. तुम्ही लिहिलंय की गल्लीतला मुलगा अर्ध्या तासात दुकानाच्या एलईडी बोर्डाचा एसएमपीएस (२३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा पॉवर सप्लाय) बदलून गेला असता, आम्ही दोन दिवस लावले आणि वर अर्थिंगचे पैसे घेतले. अर्धा तास हे बरोबर आहे. पण तसे बदललेले तीन एसएमपीएस वर्षभरात जळले, हेही तुम्हीच सांगितलं होतं.

तुमच्या बोर्डात १.२ वॉटचे २४० एलईडी मॉड्यूल आहेत. म्हणजे २८८ वॉट, १२ व्होल्टला २४ अँपिअर. आत एसएमपीएस होता २० अँपिअरचा, तोही बंद पेटीत. तो जळणारच. आम्ही १६.५ अँपिअरचे दोन बसवले, प्रत्येकावर १२० मॉड्यूल. लोड आता ७२ टक्क्यांच्या आसपास राहतो.

खरी भानगड वायरिंगमध्ये होती. बोर्डाचा स्विच न्यूट्रलवर. स्विच बंद, बोर्ड काळा, तरी पेटीत फेज, म्हणजे जिवंत करंट, हजर. केबलमधली हिरवी, म्हणजे अर्थची, वायर गुंडाळून टेप मारलेली. मीटर लावला तर फ्रेम आणि अर्थमध्ये १०८ व्होल्ट. ते एसएमपीएसच्या फिल्टरमधून येतात, करंट किरकोळ असतो, पण शिडीवर झिणझिण्या आल्या की हात सुटतो. तीच फेजची वायर पत्र्याच्या कडेला सोलली गेली, तर पूर्ण २३० फ्रेमवर. तुमची फ्रेम शटरच्या अँगलला वेल्ड केलेली आहे, आणि साताऱ्यातला जुलै तुम्हाला सांगायला नको.

बल्ब, फ्यूज, स्विच जसाच्या तसा बदलायला परवाना लागत नाही. वायरिंगमध्ये फेरफार करायचा तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांप्रमाणे परवानाधारक ठेकेदार, सुपरवायझरची देखरेख आणि परमिटवाला वायरमन लागतो. गल्लीतल्या मुलाला हे परमिट आधी विचारा. असेल तर खुशाल त्याच्याकडून करून घ्या.

दुसरा दिवस लागला तो मेन बंद करण्यासाठी. संध्याकाळच्या धंद्याच्या वेळी तुम्ही नको म्हणालात, ते साहजिक होतं. सकाळी एमसीबी पाडून, लॉक लावून, मीटरने सप्लाय नसल्याची खात्री केली आणि मगच पेटी उघडली. स्विच फेजवर घेतला, अर्थची वायर मेन बोर्डापर्यंत नेली, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) बसवला.

अर्थिंगचा खर्च काम सुरू करण्याआधी सांगायला हवा होता. ती चूक आमची. त्याची मजुरी वजा करून नवीन बिल पाठवतो. वायरचे पैसे मात्र राहतील.

आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही तर बोर्ड लावू नका, आम्हाला फोन करा.