पिटकोळी उपटण्याआधी एवढं वाचा

आमच्या पर्वरीच्या सोसायटीत एक मेसेज फिरतोय. काल तो आईनेही मला पाठवला, वर प्रश्न: 'कुंपणाजवळची पिटकोळी काढायला सांगूया का?' पिटकोळी म्हणजे लाल फुलांच्या गुच्छांचं आपल्याकडचं रानटी झुडूप, इक्झोरा. आता मात्र गप्प बसवत नाही. मेसेजचं म्हणणं असं: गोव्यात एवढा पाऊस पडतो, मग कमी पाण्यावर जगणारी रानटी झाडं हवीत कशाला? ती दिसायला ओबडधोबड, त्यांच्यामुळे साप येतात. त्यापेक्षा लॉन करा आणि कुंपणाला कोनोकार्पस हे झपाट्याने वाढणारं परदेशी झाड लावा.

पहिला मुद्दा वाचून तर डोकंच फिरलं. वर्षाला सुमारे 3000 मिमी पाऊस पडतो, खरं आहे. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पुढे मेअखेरपर्यंत झाडाने प्यायचं काय? आपला जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. पावसात भरलेली विहीर एप्रिलात तळ दाखवते आणि सोसायट्यांच्या दारात टँकर लागतात. ते विकतचं पाणी लॉनवर ओतायचं? मे महिन्यात एकदा सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, जाऊन बघा. कातळाच्या भेगेत ओंजळभर माती असते, त्यात करवंद, अंजनी, पिटकोळी हिरवीगार उभी असतात. तिथे पाइप घेऊन कोणी जात नाही. आणि नुसता दुष्काळ सोसून इथे भागत नाही, चार महिन्यांची झोडही सोसावी लागते. हौसेने आणलेली निवडुंगं आषाढात कुजतात ती त्यामुळेच.

ओबडधोबड? धायटी भर उन्हाळ्यात लाल होते. अंजनीच्या फांदीला निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ अगदी चिकटून येतात. पिटकोळीच्या लांब नळीतला मध प्यायला फुलपाखरं येतात, पिकलेल्या फळांवर बुलबुल. हां, कुडा, बहावा उन्हाळ्यात पानं गाळतात, ते मान्य. कळलावी विषारी आहे, हेही मान्य. चतुर्थीला गणपतीच्या वर बांधतात त्या माटोळीला शोभते, पण मुलं खेळतात तिथे लावू नका. आणि कोणतंही रोप पहिले एक-दोन उन्हाळे पाणी मागणारच.

साप येतात उंदरांमागे, आणि उंदीर येतात कचऱ्यामागे. झुडपाचा बुंधा मोकळा ठेवा, पालापाचोळा साचू देऊ नका, एवढंच.

राहिला कोनोकार्पस. 2023 मध्ये गुजरात सरकारने त्याच्या लागवडीवर बंदी घातली, वनजमिनीवर आणि तिच्या बाहेरही. कारणं स्पष्ट दिली होती: परागांमुळे सर्दी, खोकला, दमा, ॲलर्जी, मुळांमुळे जमिनीखालच्या केबल आणि गटारांच्या वाहिन्यांचं नुकसान. मेसेज लिहिणाऱ्याने यातलं एक अक्षर सांगितलेलं नाही. आमच्याच इमारतीत दम्याचा पंप वापरणारी मुलं आहेत, त्यांच्या खिडकीखाली हे झाड लावायचं?

परदेशी म्हणून सरसकट विरोध नाही. बोगनवेलही बाहेरचीच, ती उन्हात तग धरते, राहू दे. पण पिटकोळीला कमिटीने हात लावू नये, आणि कोनोकार्पसची ऑर्डर गेली असेल तर ती आजच रद्द करावी.