दख्खनच्या कातळातलं चुंबकत्व : ‘सह्यवाट’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सह्यवाट, इतकं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी आभार. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की सह्याद्रीचा कातळ ज्या लाव्ह्यातून झाला तो थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यात अडकून राहिली, आणि ही दिशा विषुववृत्तावर आडवी, ध्रुवांकडे जाताना जास्त झुकलेली असते, त्या झुकावावरून कळतं की तेव्हा आपला भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण 30 अंशांवर होता. त्यावर तुमचं म्हणणं असं, की गडाच्या माथ्यावर होकायंत्र भलतीकडेच उत्तर दाखवतं हे प्रत्येक ट्रेकरला माहितीये, वीज पडली की दगडाचं चुंबकत्व बदलतं, मग साडेसहा कोटी वर्षं विजा झेललेल्या दगडाचं काय ऐकायचं? शिवाय पृथ्वीचं क्षेत्र तेव्हाही असंच होतं हे आधीच धरून चालायचं आणि त्यातूनच अक्षांश काढायचा, हे गोल गोल फिरणं झालं. आणि तारीख तर चुंबकत्वावरून कळतच नाही.

विजेचं आधी घेऊ. माथ्यावर होकायंत्र फिरतं हे खरंच आहे आणि त्याचं एक मोठं कारण वीजच. म्हणूनच नमुने घेणारे लोक शक्यतो माथा टाळतात, घाटातले रस्त्याचे कापलेले ताजे कडे, ओढ्याचं पात्र, खाणी बघतात. पाण्याने गार ठेवलेल्या डायमंड बिटच्या ड्रिलने साधारण अडीच सेंटीमीटर व्यासाची दांडी काढायची, ती दगडात उभी असतानाच तिची दिशा नोंदवायची, आणि तीही नुसत्या होकायंत्रावर नाही, कारण बसाल्ट (सह्याद्रीचा हा काळा कातळ) सुई ओढतो हे त्यांनाही पक्कं माहीत असतं, तर उन्हात पडलेल्या काडीच्या सावलीवरून, वेळ बघून, म्हणजे सन कंपासने. मग पितळी तारेने दांडीवर रेघ मारायची आणि लॅबमध्ये न्यायची.

आणि लॅबमध्येसुद्धा पहिलं रीडिंग कुणी खरं मानत नाही. बाहेरचं क्षेत्र शून्य केलेल्या जागेत नमुना टप्प्याटप्प्याने तापवतात, 100, 200, 300 करत 580 अंश सेल्सिअसपर्यंत (मॅग्नेटाइट या दगडातल्या लोहखनिजाचं चुंबकत्व तिथे संपतं), प्रत्येक टप्प्यानंतर थंड करून पुन्हा मोजतात, किंवा मागे-पुढे होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात टाकून वाढत्या जोराने झटके देतात. विजेने बसवलेलं चुंबकत्व जोरदार असतं पण बहुतेक करून त्या झटक्यांत लवकर उतरतं. जमिनीखाली गरम पाणी फिरून जिओलाइट (कातळाच्या पोकळ्यांतली स्फटिकासारखी खनिजं) तयार झाले त्या काळात जे काही नंतर चिकटलं असेल ते कमी तापमानाच्या टप्प्यात निघून जातं. शेवटपर्यंत जी दिशा सरळ रेषेत शून्याकडे जात राहते तीच धरतात, ज्या नमुन्यात अशी रेषा सापडत नाही तो फेकून देतात.

आता मला जे सगळ्यात पटतं ते. वीज पडली तर दिशा कशीही, दर ठिकाणी वेगळी. आजच्या क्षेत्राने दगड पुन्हा चुंबकित झाला असेल तर दिशा आजची हवी, म्हणजे उत्तरेकडे आणि अलिबागच्या आसपास जमिनीखाली 25-30 अंश झुकलेली. घाटातल्या बहुसंख्य थरांत मिळते ती दिशा आग्नेयेकडे आणि खाली पन्नासेक अंशांच्या आत-बाहेर. महाबळेश्वरला वरच्या थरांत गेलात की ती पलटून वायव्येकडे आणि आकाशाकडे होते, जवळपास बरोब्बर विरुद्ध, कारण पृथ्वीचं क्षेत्रच मधूनमधून उत्तर-दक्षिण उलटतं. शेकडो किलोमीटरवरच्या वेगवेगळ्या प्रवाहांत अशी उलट-सुलट जोडी विजेने बसवणं शक्यच नाही.

हे काम आजचंही नाही. 1956 साली क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी भारतातल्या दगडांची मोजमापं छापली, पुढे मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत सहस्रबुद्धे आणि राधाकृष्णमूर्ती यांनी ते काम नेलं. तेव्हा खंड सरकतात हे बहुतेक भूगर्भतज्ज्ञ मानतच नव्हते, त्यामुळे सगळ्यांना सोयीचं उत्तर काढलं असं म्हणायला जागा नाही.

गोल गोल फिरण्याचा मुद्दा चांगला आहे. क्षेत्र दोन ध्रुवांचं आणि सरासरीने पृथ्वीच्या अक्षाला धरून असतं हे गृहीतक आहेच, पण ते तपासता येतं. गेल्या काही दशलक्ष वर्षांत, म्हणजे खंड फारसे हलले नाहीत अशा काळात, जगभर वाहिलेल्या लाव्ह्यांची सरासरी काढली तर ध्रुव भौगोलिक ध्रुवाच्या काही अंशांतच येतो. एकच प्रवाह घेतला तर मात्र तुमचं बरोबर, तो त्या क्षणाचा फोटो असतो, क्षेत्र तर हजारो वर्षांत डुगडुगत असतं, म्हणून अनेक प्रवाहांची सरासरी लागते. शिवाय हिंदी महासागराच्या तळावरचे चुंबकीय पट्टे (तळ तयार होत असताना क्षेत्र उलटत गेल्याचे ठसे) दगडाच्या झुकावावर अजिबात अवलंबून नाहीत, आणि तेही भारत उत्तरेकडे वेगाने आल्याचंच सांगतात.

राहिली तारीख. चुंबकत्व एकटं तारीख देत नाही, मान्य, पण दिलेली तारीख चुकीची असेल तर ते पकडतं, आणि दख्खनमध्ये नेमकं हेच झालं. पूर्वी पोटॅशियम-आर्गन पद्धतीने (दगडातल्या पोटॅशियमपासून साचलेल्या आर्गन वायूवरून) या लाव्ह्यांची वयं 8 कोटींपासून 3 कोटी वर्षांपर्यंत कुठेही यायची. तेवढ्या काळात पृथ्वीचं क्षेत्र डझनावारी वेळा उलटलं. मग किलोमीटरभर जाडीच्या घाटात खालून वर चढताना निदान दहा-वीस वेळा तरी उलटापालटी दिसायला हवी होती ना? दिसते एखादी, फार तर दोन. सगळा ढीग मिळून सुलट, उलट, सुलट, बस्स. फ्रेंच भूभौतिकतज्ज्ञ कुर्तियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये यावरच बोट ठेवलं की बहुतेक लाव्हा एकाच उलट्या कालखंडात ओतला गेला असणार, म्हणजे पसरलेली वयं खरी नाहीत. त्या कालखंडाला 29आर म्हणतात आणि तो जेमतेम सहा-सात लाख वर्षांचा. इटलीत गुब्बिओच्या चुनखडीत, समुद्रतळाशी हळूहळू साचलेल्या गाळात, डायनासोर संपले ती सीमारेषा याच 29आर मध्ये सापडते. नंतर आर्गन-आर्गन आणि लाव्ह्यांच्या मधल्या तांबड्या थरांतल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांवरची युरेनियम-शिसे वयं आली, तीही 6.6 कोटींच्या आजूबाजूलाच गोळा झाली. म्हणजे घड्याळांनी दगड तपासला आणि दगडाने घड्याळं, दोन्ही बाजूंनी.

शंका घ्यायचीच तर मी वेगळी जागा सुचवते. दख्खनचा लाव्हा पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त ठिकाणावरून (हॉटस्पॉट) आला असं मानतात ते आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली, 21 अंश दक्षिणेला आहे, आणि दगड तर आपल्याला त्याच्याही बऱ्याच दक्षिणेला दाखवतात. ठिकाण सरकलं, की सगळी पृथ्वीच आपल्या अक्षाच्या हिशोबाने थोडी कलली, यावर चर्चा आहे आणि ती खरी चर्चा आहे. माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे.

आणि पुढच्या वेळी माथ्यावर होकायंत्र फिरलं तर एक करून बघा. लांबचा एखादा ओळखीचा सुळका धरून त्याची दिशा आधी खांद्याच्या उंचीवरून घ्या, मग होकायंत्र कातळावर ठेवून घ्या, मग पाच-दहा पावलं सरकून पुन्हा. फरक कातळाजवळ मोठा आणि दर पावलाला बदलता असेल तर जवळपास कुठेतरी वीज पडलेली असायची शक्यता दांडगी. आकडे इथेच खाली लिहा, आपण मिळून बघू.